केप टाउनला जावं का? एका शहराच्या सरासरीची उलटतपासणी

केप टाउनच्या रोलँड स्ट्रीटवर पूर्वी तुरुंग होता, त्या जागी आता सरकारी अभिलेखागार आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला केप वसाहतीत राहणाऱ्या हिंदी माणसाला मायदेशी जाऊन परत यायचं तर आधी परवाना काढावा लागे. १९०६च्या कायद्याने तशी सक्तीच केली. परवान्यावर माणसाचा फोटो, हाताचे ठसे आणि कधीपर्यंत परतायचं त्याची मुदत असे. हे कागद या अभिलेखागारात टिकून आहेत आणि त्यांत रत्नागिरी, कुलाबा जिल्हा आणि जंजिरा संस्थानातल्या गावांमधून गेलेल्या कोकणी मुसलमानांचेही आहेत. दक्षिण आफ्रिकेतला हिंदी माणूस म्हटला की आपल्याला दरबान आणि उसाचे मळे आठवतात. पण केप टाउनची गोष्ट वेगळी. तिथे गिरमिटिये फारसे गेले नाहीत. तिथे गेले ते स्वतःच्या खर्चाने, आधी कुणाच्या तरी दुकानात नोकर म्हणून, मग स्वतःचं दुकान टाकायला. १९१२ साली गोपाळ कृष्ण गोखले दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेले, तेव्हा ते उतरले तेही केप टाउनच्याच बंदरात.

कोकणातून बाहेर गेलेल्या माणसांविषयी जमेल तसं वाचणं, कागद गोळा करणं हा माझा बरीच वर्षं चाललेला उद्योग. अशाच एका घराने मला केप टाउनला बोलावलं आहे. त्यांचे पणजोबा माणगावच्या बाजूचे. घर रायलँड्स नावाच्या भागात आहे. हे मी घरी सांगितलं, तेव्हा मुलीने काही न बोलता फोनवर आकडे काढून माझ्यापुढे धरले.

आकडे भिववणारेच आहेत. २०२२ साली भारतात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले. २०२२-२३ या वर्षात दक्षिण आफ्रिकेत २७,४९४ खून झाले. दोन्ही संख्या जवळजवळ सारख्या, पण आपण १४० कोटी आणि ते सहा कोटी वीस लाख. म्हणजे लाखामागे आपल्याकडे दोन, तर तिथे चव्वेचाळीस-पंचेचाळीस. केप टाउन शहराचा दर तर बऱ्याच वर्षी साठच्या वर गेलेला आहे. देशात टोळ्यांमुळे म्हणून जे खून नोंदले जातात, त्यांतले बहुसंख्य एकट्या वेस्टर्न केप प्रांतात, म्हणजे मुख्यतः याच शहरात होतात. आणि याच शहरात टेबल माउंटन आहे, पेंग्विनचा किनारा आहे, आपल्याकडच्या सहल कंपन्यांच्या जाहिरातीत असतो तो सगळा निळा समुद्र आहे.

आता दोन मतं ऐकू येतात. एक म्हणतं, असल्या गावात पाऊल टाकू नये. दुसरं म्हणतं, काही होत नाही हो, लाखो लोक जाऊन येतात. मला दोन्ही मतं आळशी वाटतात, कारण दोन्ही 'केप टाउन' हा एकच ठिपका समजतात.

हा आकडा सरासरीचा आहे, आणि शहराच्या बाबतीत सरासरी फार फसवते. न्यांगा या एकाच पोलीस ठाण्याच्या हद्दीत २०१७-१८ साली ३०८ खून झाले. त्याच शहरात डोंगराच्या पलीकडे समुद्रकाठच्या कॅम्प्स बेसारख्या ठाण्यात वर्षाचे खून बोटांवर मोजता येतील इतकेच. टेबल माउंटनच्या पूर्वेला वाळूचं सपाट मैदान पसरलेलं आहे, त्याला केप फ्लॅट्स म्हणतात. टोळ्यांचं युद्ध चालतं ते तिथल्या मॅननबर्ग, हॅनोव्हर पार्क, लॅव्हेंडर हिल, बिशप लॅव्हिस अशा ठरावीक वस्त्यांत. त्या वस्त्यांतही सगळीकडे नाही, तर ठरावीक गल्ल्यांच्या तोंडाशी, जिथे एका टोळीची हद्द संपते आणि दुसरीची सुरू होते. मरणारे बहुतेक तरुण पुरुष असतात. शनिवार-रविवारी आणि अंधार पडल्यावर प्रमाण वाढतं. मधे सापडून मुलंही मरतात. न्यांगाच्या आकड्यात सगळा दोष टोळ्यांचा नाही, हेही लक्षात ठेवलं पाहिजे. तिथे खंडणी, मिनीबस टॅक्सीवाल्यांच्या मार्गांवरची भांडणं, जमावाने केलेला 'न्याय' असं बरंच काही एकत्र येतं. वर्तमानपत्रं मात्र सगळ्याला एकच नाव देतात.

ज्यांची मुंबईची आठवण जागी आहे, त्यांना हे नवीन वाटू नये. १९९७च्या जानेवारीत दत्ता सामंतांना पवईत आणि ऑगस्टमध्ये गुलशन कुमारांना अंधेरीत भर दिवसा गोळ्या घातल्या, त्या वर्षीही गणपतीला चाकरमानी मुंबईहून कोकणात आणि कोकणातून मुंबईला जातच होते. दगडी चाळ कुठे आहे आणि आपल्याला तिथून जायची गरज आहे का, एवढं कळलं की माणसं आपापला रस्ता आखत. फरक इतकाच, की मुंबईच्या टोळ्या तेव्हा बिल्डर, निर्माते, एकमेकांचे शूटर असे हेरून मारत होत्या. केप फ्लॅट्सवर गोळीबार रस्त्यात होतो आणि रस्ता सगळ्यांचा असतो.

पण ही हिंसा त्याच वाळूवर का एकवटली? पाहुण्याला हे कळायची गरज काय, असं कुणी विचारील. मला वाटतं गरज आहे, कारण त्याशिवाय नकाशा वाचताच येत नाही.

शहराच्या मध्यवस्तीला लागून डिस्ट्रिक्ट सिक्स नावाचा भाग होता. बंदर पायी गाठता येई. मिश्र वंशाचे लोक (सरकारी भाषेत 'कलर्ड'), मलायी मुसलमान, काळे, ज्यू आणि आपले हिंदी दुकानदार तिथे शेजारी शेजारी राहत. ११ फेब्रुवारी १९६६ रोजी वंशवार वस्त्यांच्या कायद्याखाली सरकारने तो भाग फक्त गोऱ्यांसाठी जाहीर केला. पुढच्या दीड दशकात साठ हजारांहून जास्त माणसं तिथून उठवली आणि घरं बुलडोझरने पाडली. मशिदी आणि चर्च तेवढी उभी ठेवली. माणसांना वंशाप्रमाणे वेगवेगळं करून मैदानात पंधरा-वीस किलोमीटर लांब टाकलं. हिंदी लोकांसाठी राखून ठेवलेला भाग म्हणजे रायलँड्स. मला ज्या घराने बोलावलं आहे, ते तिथे आपण होऊन राहायला गेलेलं नाही.

या विस्थापनाने टोळ्या जन्माला घातल्या, असं सरधोपटपणे म्हटलं जातं. ते पूर्ण खरं नाही. डिस्ट्रिक्ट सिक्समध्येही टोळ्या होत्या. त्यांतली सगळ्यांत गाजलेली 'ग्लोब' ही तर चाळीसच्या दशकात दुकानदारांच्या घरातल्या तरुणांनी भुरट्या गुंडांना आवर घालण्यासाठी उभी केली होती, आणि थोड्याच वर्षांत तीच संरक्षणाच्या नावाने पैसे उकळू लागली. मात्र तिथे आजी होती, मामा होता, कोपऱ्यावरचा ओळखीचा दुकानदार होता. मुलगा बिघडतोय हे चार घरांना कळायचं. नव्या वस्त्यांत एकाच कुटुंबाचे तुकडे चार ठिकाणी पडले, काम दूर गेलं, भाडं आणि प्रवास यांतच पगार संपू लागला. रिकाम्या झालेल्या त्या जागेत टोळी शिरली. शिवाय तुरुंगातल्या २६, २७ आणि २८ या आकड्यांच्या संघटना होत्याच. त्यांची पाळंमुळं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोहान्सबर्गच्या खाणींभोवती वावरणाऱ्या एका लुटारू टोळीपर्यंत जातात. वंशभेदी राजवट संपल्यावर तुरुंगातली ती शिस्त आणि रस्त्यावरचा धंदा एकमेकांत मिसळले.

टोळीला दोन गोष्टी लागतात, हत्यार आणि माल. हत्याराचं उदाहरण सांगण्यासारखं आहे. पोलिसांकडे जमा झालेल्या आणि नष्ट करायच्या बंदुकांपैकी सुमारे दोन हजार बंदुका एका माजी पोलीस कर्नलने बाहेर विकल्या आणि त्या केप फ्लॅट्सच्या टोळ्यांच्या हातात पोचल्या. २०१६ साली त्याला अठरा वर्षांची शिक्षा झाली. बंदुका मात्र सगळ्या परत आल्या नाहीत.

मालाचं उदाहरण आपल्या अंगणातलं आहे. 'मँड्रॅक्स' ही एके काळी औषधाच्या दुकानात मिळणारी झोपेची गोळी. जगभर तिच्यावर बंदी आली, दक्षिण आफ्रिकेत सत्तरच्या दशकातच. तरी केप टाउनमध्ये ती गांजात चुरून, फोडलेल्या बाटलीच्या मानेतून ओढायची सवय राहिली, आणि टोळ्यांचा गल्ला कित्येक दशकं तिच्यावर चालला. या गोळ्यांचा मोठा पुरवठा भारतातून होत आला आहे. २०१६च्या अखेरीस उदयपूरजवळ महसूल गुप्तवार्ता संचालनालयाने साडेतेवीस टन मँड्रॅक्स पकडलं. साडेतेवीस किलो नव्हे, टन. 'तिथली माणसं हिंसक' असं आपल्या दिवाणखान्यात बसून म्हणताना या मालाची आठवण ठेवायला हरकत नाही.

आता पाहुण्याकडे वळू. केप टाउनमध्ये पाहुण्याला टोळीयुद्धात गोळी लागणं दुर्मीळ आहे. त्याच्या वाट्याला येते ती लूटमार. डोंगरावरच्या निर्जन पायवाटेवर चाकू दाखवून फोन काढून घेतात, सिग्नलला उभ्या गाडीची काच फोडून पर्स उचलतात. पण या शहराची एक अडचण आहे. विमानतळच केप फ्लॅट्सवर आहे. तिथून शहरात नेणारा 'एन टू' महामार्ग न्यांगा, गुगुलेथू, लांगा यांच्या कडेने जातो. २०२३च्या ऑगस्टमध्ये मिनीबस टॅक्सीवाल्यांचा संप पेटलेला असताना एक ब्रिटिश प्रवासी विमानतळाजवळ वाट चुकून न्यांगात शिरला आणि गोळी लागून मेला. सोबत त्याचं कुटुंब होतं. फोनवरचा नकाशा जवळचा रस्ता दाखवतो, तो रस्ता कोणाच्या हद्दीतून जातो हे त्याला ठाऊक नसतं. त्याच वर्षी धोक्याच्या रस्त्यांची सूचना नकाशात यावी म्हणून तिथल्या पर्यटन खात्याने गूगलशी बोलणी केली.

परराष्ट्र खात्यांच्या सूचना वाचाव्यात, पण त्या कशा लिहिलेल्या असतात हेही समजून घ्यावं. उद्या काही झालं तर 'आम्ही सांगितलं होतं' असं म्हणता यावं, हा त्यांचा एक हेतू असतो. त्यामुळे त्यांत सगळंच धोक्याचं असतं. मला त्याहून उपयोगी वाटते ती रुग्णवाहिकांची पद्धत. केप टाउनमध्ये काही वस्त्या 'रेड झोन' ठरवल्या आहेत आणि तिथे रुग्णवाहिका पोलिसांची गाडी सोबत असल्याशिवाय जात नाही. ही यादी बदलत राहते. रोज तिथे जाणाऱ्या माणसाने अनुभवातून केलेला तो नकाशा आहे. तसाच दुसरा नकाशा आयांचा. गोळीबार होणाऱ्या वस्त्यांत स्वयंसेवक आया आणि आज्या रंगीत जाकिटं घालून मुलांच्या रांगेला शाळेपर्यंत चालत नेतात. 'वॉकिंग बस' म्हणतात तिला. कुठल्या गल्लीतून आज जायचं नाही, हे त्यांना सकाळी सातला माहीत असतं. २०१९च्या जुलैत सरकारने याच वस्त्यांत लष्कर उतरवलं होतं. ते काही महिन्यांनी गेलं. या आया आहेतच.

राहिला तो मुद्दा ज्याच्यावर माझा निर्णय खरं तर अडला होता. पाहुणा आपल्या जिवाचा हिशोब मांडतो, पण त्याच्या सुरक्षिततेचा बराचसा खर्च यजमान भरतो. मला विमानतळावर घ्यायला येणार त्यांचा मुलगा. संध्याकाळी उशिरापर्यंत मी गप्पा मारत बसले, तर मला मुक्कामी सोडून अंधारात एकटा परत जाणार तोच. 'जुनी वस्ती दाखवा ना' असा मी हट्ट धरला, तर आदरातिथ्याला उणेपणा नको म्हणून ते नाही म्हणणार नाहीत. रायलँड्स मॅननबर्ग नव्हे. ते मध्यमवर्गीय घरांचं आहे. पण मॅननबर्ग जवळच आहे. शेजारच्याच गेट्सव्हिलच्या मशिदीतून १९९६ साली 'पॅगॅड' या नागरिकांच्या संघटनेचे लोक टोळीवाल्यांच्या दारावर चालून गेले होते, आणि त्या ऑगस्टमध्ये जमावाने रशाद स्टॅगी या टोळीनायकाला रस्त्यात ठार केलं. पुढे त्याच संघटनेवर बॉम्बस्फोटांचे आरोप झाले. त्या घरातल्या मोठ्यांनी हे सगळं खिडकीतून पाहिलेलं आहे.

वस्त्या दाखवणाऱ्या सहलीही निघतात. काही तिथल्याच लोकांच्या असतात आणि त्यांना त्यातून दोन पैसे मिळतात, म्हणून मी सरसकट नावं ठेवणार नाही. पण कुणाच्या दारात बसमधून उतरून त्याच्या हालअपेष्टांचे फोटो काढणं माझ्याच्याने होणार नाही. डिस्ट्रिक्ट सिक्सच्या जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये १९९४पासून संग्रहालय आहे. तिथे जमिनीवर पाडलेल्या रस्त्यांचा मोठा नकाशा पसरलेला आहे, आणि परत आलेल्या रहिवाशांनी आपापलं घर कुठे होतं ते त्यावर लिहून ठेवलं आहे. माझ्या विषयाला तो नकाशा पुरेसा आहे.

तर मी जाते आहे, मार्चमध्ये. मुक्काम रायलँड्सला नाही, शहरात, अभिलेखागाराला पायी जाता येईल इतक्या अंतरावर. गाडी भाड्याने घ्यायची नाही. विमान दुपारी उतरणारं निवडलं आहे, त्यासाठी थोडे पैसे जास्त पडले. परवान्यांच्या फायली आठवड्याच्या दिवशी बघायच्या. रायलँड्सला जायचं ते रविवारी, सकाळच्या चहाला. कुठल्या रस्त्याने न्यायचं ते यजमानांनी ठरवायचं, आणि त्या दिवशी त्यांनी नको म्हटलं तर का म्हणून विचारायचं नाही. मार्चच्या मध्याला तिथे सूर्य साधारण सात वाजता मावळतो. पाचला निघायचं, म्हणजे मुलगा मला सोडून उजेडातच घरी पोचेल, असं त्याच्या आईला कळवलं आहे. तिचं उत्तर आलं, त्यांच्या कोकणीत : जेवल्याबिगर सोडूचा नाय. मग ठरलं ते दुपारचं जेवण.