रस्टमधले ट्रेट: काय तुम्ही ठरवायचं, काय आयतं मिळतं

समजा, तुम्हाला मॉन्टे कार्लो सिम्युलेशन लिहायचं आहे. आज आयझिंग मॉडेल, उद्या वायूचे रेणू. मेट्रोपोलिसचा अल्गोरिदम दोन्हीकडे तोच: लहानसा बदल सुचवा, ऊर्जेतला फरक काढा, बदल स्वीकारा किंवा नाकारा. मग तो कोड दोनदा का लिहायचा? रस्टमध्ये यासाठी ट्रेट असतो. ट्रेट म्हणजे करार: ‘मॉडेल’ म्हणवून घ्यायचं असेल, तर एवढं द्यावंच लागेल.

असोसिएटेड टाइप

आयझिंगमध्ये ‘स्थिती’ म्हणजे +१ आणि −१ अशा स्पिनची जाळी. रेणूंमध्ये ती कणांच्या जागांची यादी. ट्रेट फक्त म्हणतो, ‘स्थिती नावाचा एक टाइप असेल’. तो कोणता, हे प्रत्येक मॉडेल आपापलं सांगतं. ‘बदल’ हाही तसाच दुसरा टाइप.

जेनेरिक पॅरामीटर का नको? कारण मग एकाच मॉडेलला अनेक स्थिती जोडता येतात, आणि कोणती घ्यायची हे ठिकठिकाणी सांगत बसावं लागतं. खूण सोपी आहे: उत्तर एकच असेल तर असोसिएटेड टाइप, अनेक असू शकतील तर जेनेरिक. रस्टच्या गुणाकाराच्या ट्रेटमध्ये दोन्ही आहेत. मॅट्रिक्सला संख्येनेही गुणता येतं, व्हेक्टरनेही, म्हणून उजवी बाजू जेनेरिक. पण दोन्ही बाजू ठरल्या की उत्तराचा टाइप एकच, म्हणून तो असोसिएटेड.

डिफॉल्ट मेथड

ऊर्जा काढणं आणि बदल लागू करणं, एवढ्या दोनच मेथड सक्तीच्या ठेवा. ऊर्जेतला फरक ट्रेटमध्येच लिहून टाका: स्थितीची प्रत काढा, तिच्यावर बदल लागू करा, नव्या ऊर्जेतून जुनी वजा करा. प्रत काढायची म्हणून स्थितीवर ‘क्लोन’ची अट घाला. आता ही मेथड प्रत्येक मॉडेलला आयती मिळते.

पण ती संथ आहे. १०० × १०० च्या चौरस जाळीत, समोरासमोरच्या कडा जोडलेल्या असतील तर, शेजाऱ्यांच्या २०,००० जोड्या असतात. एक स्पिन उलटवला की त्यातल्या चारच बदलतात, तरी डिफॉल्ट मेथड सगळ्या दोनदा मोजते. म्हणून आयझिंगसाठी ती ओव्हरराइड करायची: २ × जे × तो स्पिन × चार शेजाऱ्यांची बेरीज.

इथेच जपा. सूत्रातला २ राहून गेला तरी टाइप बरोबरच असतो. कंपायलर चकार शब्द काढत नाही. प्रोग्रॅम चालतो, आलेखही छान येतो, फक्त सिम्युलेशन दुप्पट तापमानाचं होतं. ऑनसागरने १९४४ मध्ये काढलेलं संक्रमण तापमान, जे आणि बोल्ट्झमन स्थिरांक १ धरून, सुमारे २.२६९ आहे, तुमच्या आलेखात ते १.१३ च्या आसपास दिसेल. आयझिंगचं उत्तर माहीत आहे म्हणून चूक पकडता येते. तुमच्या संशोधनातल्या नव्या मॉडेलचं उत्तर कुठे छापलेलं नसतं.

म्हणून सवय लावून घ्या. ओव्हरराइड केल्यावर मूळ डिफॉल्ट मेथड बोलावता येत नाही, तेव्हा तिचं काम वेगळ्या फंक्शनमध्ये ठेवा. मग ४ × ४ च्या जाळीवर शेकडो बदल करून दोन्ही उत्तरं ताडून पाहा. टाइप जुळतात का हे कंपायलर बघेल. भौतिकशास्त्र जुळतं का, हे तुम्हालाच बघायचं आहे.