'काढले' आणि 'संपले' : रोजगारनाशाची दोन क्रियापदे

सातारा व सांगली हे जिल्हे समुद्रापासून सह्याद्रीने वेगळे झालेले आहेत. तथापि मुंबईच्या रोजगाराशी त्यांचा संबंध पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. तेथील काम गेल्याची वार्ता गावी दोन प्रकारे सांगितली जाते : 'कामावरून काढले' आणि 'काम संपले'. पहिले क्रियापद सकर्मक असून त्यास कर्ता लागतो. दुसरे अकर्मक असून त्यास काढणारा कोणी नसतो. या व्याकरणिक भेदावर कामगाराची भरपाई अवलंबून असते.

कापडगिरण्यांत कायम कामगाराच्या जागी तात्पुरते काम करणारा तो 'बदली'. हा शब्द १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या इंग्रजी मजकुरात जसाच्या तसा शिरला, तो अपवाद म्हणून. काम तात्पुरते थांबविल्यास मिळणाऱ्या भरपाईतून बदली कामगार वगळला गेला; वर्षभराची सलग नोकरी झाल्यावरच तो बदली मानला जात नसे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार होते. संपानंतर अनेकांना काम परत मिळाले नाही व ते गावी परतले.

समुद्रातील तेल-वायू व्यवसायात अकर्मक क्रियापदाचा अंमल अधिक आहे. १९७४ मध्ये मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर 'सागर सम्राट' या वेधननौकेने तेलाचा शोध लावला. अशा क्षेत्राभोवती पुरवठा-नौका, वेल्डिंग, रंगकाम, खानपान अशी पूरक कामे चालतात आणि ती बहुधा कंत्राटावर असतात. तेलाचा भाव उतरला की कंपन्या प्रथम नव्या विहिरी थांबवितात. परिणामी पूरक कामांवर पहिली कुऱ्हाड पडते. २०१४ च्या मध्यास पिंपामागे १०० डॉलरहून अधिक असलेला भाव जानेवारी २०१६ मध्ये ३० डॉलरखाली गेला, तेव्हा जगभर हेच घडले.

१९४७ च्या कायद्यानुसार एक वर्षाची सलग नोकरी झालेल्या कामगाराची कपात करावयाची झाल्यास एक महिन्याची सूचना अथवा तिच्याऐवजी वेतन, आणि प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन देणे आवश्यक होते. परंतु कराराचे नूतनीकरण न झाल्याने नोकरी गेली, तर ती 'कपात' नव्हे, अशी दुरुस्ती १९८४ मध्ये झाली. त्या कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने हा अपवाद कायम ठेवला. शिवाय निश्चित मुदतीच्या नोकरीची मुदत पूर्ण होणे हेही कपातीच्या व्याख्येबाहेर ठेवले.

अर्थात् खटाव किंवा जत तालुक्यातील घरी परतलेला कंत्राटी कामगार 'मुदत संपली' असे म्हणतो, तेव्हा तो नकळत कायद्याचीच भाषा बोलत असतो. चूल दोन्ही प्रसंगी सारखीच विझते. परंतु ज्या वाक्यात कर्ता नाही, त्या वाक्यात कपातीची भरपाई कोणाकडे मागावयाची, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.