कोषातून फुलपाखरू कसे निघते?

या लेखाखाली नऊ फोटो क्रमाने चिकटवले आहेत. पहिल्या फोटोत हिरव्या मण्यासारखा कोष आहे. नवव्या फोटोत फुलपाखरू आहे. मधल्या दिवसांत काय घडले ते मी सांगणार आहे.

या फुलपाखराचे नाव बिबळ्या कडवा. इंग्रजीत त्याला प्लेन टायगर म्हणतात. पंख नारिंगी, कडा काळी आणि पुढच्या पंखांच्या टोकाला पांढरे ठिपके. सोलापूर जिल्ह्यात माळावर, बांधावर, रस्त्याच्या कडेला ते सहज दिसते. शनिवारी मारुतीला आपण ज्या पानांची माळ घालतो त्या रुईवर त्याची मादी अंडी घालते. एका जागी एकच अंडे, तेही बहुधा पानाच्या खालच्या बाजूला. अंडे खसखशीच्या दाण्याएवढे असते. तीन-चार दिवसांत त्यातून अळी निघते. अळीच्या अंगावर काळे-पांढरे पट्टे व पिवळे ठिपके असतात आणि पाठीवर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या.

पावसाळ्यात आमच्या बांधावरच्या रुईवर अशा अळ्या दिसल्या. आमचे आण्णा म्हणाले, "आज रुईवर हाय, उद्या तुरीवर जाईल, डाळिंबावर जाईल. रुई तोडून जाळून टाकू." आण्णांची काळजी खोटी नव्हती. डाळिंब पोखरणारी सुरसा हीसुद्धा एका फुलपाखराचीच अळी आहे. मी बाईंना विचारले. बाई म्हणाल्या, "आधी अळी पाळून बघा, मग ठरवा." आण्णांनी पंधरा दिवसांची मुदत दिली.

पाच अळ्या बरणीत ठेवल्या. तोंडाला पातळ कापड बांधले. आत एक काटकी उभी केली. रोज ताजे पान घालायचे आणि विष्ठा काढून टाकायची. एके सकाळी रुईचे पान काढून तूर, ज्वारी आणि डाळिंब यांची पाने आत ठेवली. तासभर अळ्या त्यावरून नुसत्या फिरल्या, एकीनेही चावा घेतला नाही. रुईचे पान ठेवताच कुरतडायला लागल्या! ही अळी रुई आणि तिच्या कुळातली चिकाची झाडेच खाते. त्या चिकातले विष ती अंगात साठवते. म्हणून पक्षी तिला आणि पुढे फुलपाखरालाही सहसा खात नाहीत. अंगावरचे भडक रंग म्हणजे पक्ष्यांना लावलेली पाटीच.

अळी वाढताना चार वेळा कात टाकते. मग खाणे बंद करते, काटकीवर रेशमाची गादी विणते आणि शेपटीने उलटी लटकते. तेव्हा ती छत्रीच्या मुठीसारखी वाकडी दिसते. साधारण एक दिवस गेला की पाचव्यांदा कात सुटते आणि आतून कोष बाहेर येतो. हा कोष हिरवा किंवा फिकट गुलाबी असतो, आणि त्यावर सोनेरी टिकल्या चमकतात.

आता फोटोंचे सांगते. बाईंचा मोबाईल विटेवर टेकवून रोज सकाळी दहा वाजता, त्याच जागेवरून, खिडकीच्या उजेडात एक फोटो काढला. मागे पांढरा कागद आणि बाजूला फुटपट्टी. फ्लॅश लावला नाही. पाच-सहा दिवस फोटो सारखेच दिसतात. वर्गातली मुले म्हणाली, "आगं, मेलाय तो!" पण आत काम चालू असते. अळीचे बरेच अवयव विरघळतात. पंख आणि लांब पाय यांचे बारीक अंकुर अळीच्या अंगात आधीपासूनच असतात, ते आता वाढतात. पहिला आणि सातवा फोटो शेजारी धरून बघा. सातव्यात पंखाचा आकार दिसतो. आठव्यात कवच काचेसारखे झाले आहे आणि आतला नारिंगी रंग दिसतो.

नवव्या दिवशी सकाळी कोष फाटला. फुलपाखरू बाहेर आले तेव्हा पंख चुरगळलेले होते. ते लटकून राहिले आणि अंगातला द्रव पंखांच्या शिरांत भरून पंख ताठ केले. अशा वेळी हात लावू नये, पंख कायमचे वाकडे होतात. दोन तासांनी ते उडाले. मागच्या पंखावर मधोमध चार काळे ठिपके होते, म्हणजे तो नर. मादीला तीन असतात.

पाचपैकी चारच फुलपाखरे झाली. एका अळीतून पांढऱ्या बारीक अळ्या निघाल्या आणि त्यांचे तपकिरी दाणे झाले. एक माशी अळीवर अंडी घालते, तिची ही पिल्ले. मला वाईट वाटले. बाई म्हणाल्या, "अळ्या फार वाढू नयेत म्हणून निसर्गाने हाही बंदोबस्त ठेवलाय."

अमेरिकेत बिबळ्या कडव्याचा भाऊबंद आहे, मोनार्क. तो हजारो किलोमीटर उडून मेक्सिकोच्या डोंगरात हिवाळा काढतो. ती जागा शास्त्रज्ञांना १९७५ साली सापडली. त्याची अळीही चिकाचीच झाडे खाते. शेतांतून ती झाडे नाहीशी झाली, हे मोनार्क घटण्याचे एक कारण मानतात. आपल्या महाराष्ट्राने २०१५ साली राणी पाकोळी हे राज्य फुलपाखरू ठरवले, ही अभिमानाची गोष्ट आहे. पण बांधावरच्या बिबळ्या कडव्याला रुई लागते, हेही लक्षात ठेवू या.

आण्णांनी फोटो बघितले, चष्मा पुसून परत बघितले. म्हणाले, "ऱ्हाऊ दे रुई." डाळिंबावर मात्र ते सुरसा शोधतातच, आणि ते बरोबरच आहे. अळी दिसली की आधी ती कोणत्या झाडावर आहे ते बघायचे, मग ठरवायचे.

मित्रांनो, तुम्हीही रुईचे पान उलटून बघा. पण रुईचा चीक डोळ्यांत गेला तर फार इजा होते. म्हणून मोठ्या माणसाला बरोबर घ्या, डोळ्यांना हात लावू नका आणि नंतर साबणाने हात धुवा. पालकांना विनंती आहे, बांध साफ करताना एखादे रुईचे झाड राहू द्यावे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी