हात थरथरायच्या आधीच मेंदूतली वाट बदलते. 'वय झालं' म्हणून कंपवाताकडे दुर्लक्ष नको

चालताना एकच हात हलत नाही. सदऱ्याची बटणं लावायला वेळ लागतो. सोसायटीच्या कागदावरची सही दिवसेंदिवस बारीक होत चालली आहे. घरची माणसं म्हणतात, 'वय झालं आता.' गावाकडं बऱ्याचदा विषय इथंच संपतो. पण ही कंपवाताची, म्हणजे पार्किन्सन्स आजाराची सुरुवात असू शकते.

इंग्लंडचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचं वर्णन लिहिलं, म्हणून त्यांचं नाव आजाराला मिळालं. त्यांचा जन्मदिवस ११ एप्रिल हा जागतिक पार्किन्सन्स दिन म्हणून पाळला जातो.

मेंदूत नेमकं काय होतं?

मेंदूच्या खालच्या बाजूला काळसर पेशींचा एक छोटा पट्टा असतो. या पेशी डोपामिन नावाचं रसायन तयार करतात. हालचाल सुरू करणं, ती सफाईनं पार पाडणं यासाठी ते लागतं. कंपवातात या पेशी हळूहळू मरतात. हाताचा कंप किंवा मंदपणा दिसेपर्यंत त्यातल्या जवळपास निम्म्या गेलेल्या असतात.

मग इतके दिवस कळत कसं नाही? कालव्याचं उदाहरण घ्या. धरणात पाणी कमी झालं की सगळ्यात आधी टेलच्या शेतकऱ्याचं रान कोरडं पडतं, वरच्या चाऱ्यांना पाणी मिळत राहतं. मेंदूतही तसंच होतं. डोपामिन ज्या भागाला पोचतं, त्याच्या मागच्या टोकाला पहिला फटका बसतो. अंगवळणी पडलेली कामं हेच टोक सांभाळतं. चालताना हात हलवणं, बटण लावणं, सही करणं ही कामं आपण विचार न करता करतो.

टेलचा शेतकरी मग शेजारच्या विहिरीवरून पाइप टाकतो. मेंदूही पर्यायी वाट काढतो. नेदरलँड्सच्या संशोधकांनी २०१० साली खास प्रकारच्या एमआरआयने रुग्णांच्या मेंदूतली जोडणी तपासली. मागच्या टोकाचा मेंदूच्या इतर भागांशी संपर्क कमी झालेला आणि पुढच्या भागाचा वाढलेला दिसला. म्हणजे नुसत्या पेशीच मरत नाहीत, भागाभागांतलं जाळंही बदलतं.

या पर्यायी वाटेला लक्ष जास्त द्यावं लागतं. म्हणून असा माणूस नुसता चालतो तेव्हा ठीक चालतो, पण चालता चालता मोबाइलवर बोलायला लागला की पाय अडखळतात. जमिनीवर आखलेल्या रेघा ओलांडत चालायला सांगितलं, तर बऱ्याच जणांना तेच चालणं सोपं जातं.

कोणत्या खुणा बघाव्यात?

वास कमी येणं, जुनी बद्धकोष्ठता, झोपेत ओरडणं किंवा हातपाय मारणं या गोष्टी कंपाच्या कित्येक वर्षं आधी दिसू शकतात. पुढं चेहऱ्यावरचे भाव कमी होतात, आवाज बारीक होतो, एका बाजूचा हात किंवा पाय मंदावतो. खांदा आखडला म्हणून काही जण नुसतीच मालिश करत बसतात. कंप बहुधा हात मांडीवर निवांत असताना दिसतो, आणि तो सगळ्यांनाच होतो असंही नाही. यातली एखादी खूण दिसली म्हणजे कंपवातच, असंही नाही. पण दोन-तीन एकत्र दिसल्या तर मेंदूविकार तज्ज्ञाला दाखवावं.

साधा एमआरआय या आजारात बहुतेक वेळा नॉर्मल येतो. तो दुसरा आजार नाही ना हे बघायला काढतात. निदान मुख्यतः डॉक्टरांच्या तपासणीवरच होतं. जाळं दाखवणाऱ्या चाचण्या अजून संशोधनापुरत्याच आहेत. उलटीची आणि मानसिक आजाराची काही औषधंही अशीच लक्षणं आणतात, म्हणून चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्यावीत.

उपचार आणि काळजी

आजार मुळापासून बरा करणारं औषध आज नाही. पण लेव्होडोपाच्या गोळीचं मेंदूत डोपामिन तयार होतं आणि माणूस अनेक वर्षं कामात राहू शकतो. गोळी वेळेवर घ्यावी, मनानं अचानक बंद करू नये. रानातल्या खाजकुयलीच्या बियांतही लेव्होडोपा असतो. पण एका बीत किती आहे याचं माप नसतं, त्यामुळं घरगुती प्रयोग धोक्याचा. रोज चालणं आणि व्यायाम औषधाइतकेच गरजेचे आहेत.

शेतकऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पॅराक्वाटसारख्या तणनाशकाच्या संपर्काचा आणि कंपवाताच्या वाढलेल्या धोक्याचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. फवारताना हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, वाऱ्याच्या तोंडाला उभं राहू नये, काम झाल्यावर साबणानं अंघोळ करावी.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ हा रुग्ण आणि त्यांच्या घरच्यांचा गट काम करतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला 'भरभर चाला' म्हणून घाई करण्याआधी त्याचा एक हात हलतोय का, एवढं बघा. त्यावरूनही आजार वेळेत हाती लागू शकतो.