सांध्यातला रस आणि वेदनेचे तंतू

‘गुडघ्यातलं वंगण संपलंय’ हे निदान आपल्याकडे डॉक्टरांआधी शेजारीच करून मोकळे होतात. कल्पना जुनीच आहे. सुश्रुतसंहितेत सांध्यांतल्या श्लेष्म्याला गाडीच्या आसाला लावलेल्या तेलाची उपमा दिली आहे. पण वंगण आटलं, कूर्चा घासली आणि म्हणून दुखलं, हा हिशेब जुळत नाही, कारण कूर्चेत मज्जातंतूच नसतात. ते असतात सांध्याच्या अस्तरात, वेष्टनात आणि कूर्चेखालच्या हाडात. यातले काही तंतू निरोगी सांध्यात जवळजवळ मुके असतात. सूज आली की साध्या हालचालीलाही संदेश पाठवू लागतात.

मग या तंतूंशी सांध्यातल्या रसाचं, म्हणजे त्या ‘वंगणा’चं, नातं काय?

निरोगी गुडघ्यात हा रस जेमतेम काही मिलिलिटर असतो. त्याला चिकटपणा आणि लवचिकपणा येतो तो हायल्युरोनानमुळे. कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी १९३४ साली गुरांच्या डोळ्यातून वेगळी केलेली ही लांबच लांब साखळी. संधिवातात ती तुटून आखूड होते आणि विरळही. स्पेनमधल्या आलिकांते इथे कार्लोस बेलमोंते, आना गोमिस आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या गुडघ्यातल्या एकेका वेदनातंतूचे विद्युतसंदेश नोंदवले. सुजलेल्या सांध्यात लांब साखळ्यांचं, अधिक लवचिक द्रावण घातलं की संदेश कमी झाले. आखूड साखळ्यांच्या द्रावणांनी तसा ठोस फरक पडला नाही. हे काम २००४ साली प्रसिद्ध झालं. २०१५ साली याच परंपरेतल्या संशोधनाने आणखी खोल हात घातला: हायल्युरोनान ‘टीआरपीव्ही१’ या वाहिनीचं, म्हणजे पेशीच्या आवरणातल्या सूक्ष्म दाराचं, उघडणं कमी करतं. मिरचीच्या तिखटाने आणि उष्णतेने उघडणारी ही वाहिनी वेदनातंतूंवर असते. म्हणजे रस केवळ घर्षण कमी करत नाही, तंतूंनाही शांत ठेवतो. मला या विषयातला सर्वांत मोलाचा शोध हाच वाटतो.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. केंब्रिजच्या संशोधकांनी झिजेचा संधिवात असलेल्या माणसांचा सांध्यातला रस उंदरांच्या संवेदी पेशींवर ठेवला, तेव्हा त्या पेशी सहज उत्तेजित होऊ लागल्या. रोगट रसात दाह वाढवणारी द्रव्यं साठलेली असतात; जो रस तंतूंना निववायचा, तोच त्यांना डिवचू लागतो.

म्हणूनच ‘वंगणाच्या इंजेक्शना’बद्दल, म्हणजे गुडघ्यात हायल्युरोनान टोचण्याबद्दल, रुग्णाला स्पष्ट सांगायला हवं. अमेरिकेत १९९७ पासून मान्यता असलेल्या या उपचाराची, अनेक चाचण्या एकत्र करून, २०२२ साली तपासणी झाली. वेदना खोट्या इंजेक्शनापेक्षा थोडी कमी झाली, पण रुग्णाला जाणवावा इतका तो फरक नव्हता. प्रयोगशाळेत तंतूंना शांत करणारं द्रव्य गुडघ्यात इतकं दुबळं का ठरावं? एक कारण असं असावं की बाहेरून घातलेलं हायल्युरोनान सांध्यात फार काळ टिकत नाही. रसातला दाह मात्र तसाच राहतो, आणि आलेल्या नव्या साखळ्याही तोडत राहतो.