तणसीच्या भिंती, मातीचे लिंपण आणि चंद्रपूरचा उन्हाळा

चंद्रपूरचा पारा ४५-४६ अंशांवर गेल्याची बातमी आपण उन्हाळ्यात वाचतो. हा आकडा सावलीतला असतो. हवामान खात्याचा तापमापक झिलमिली असलेल्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर ठेवलेला असतो. त्याला ऊन लागत नाही आणि त्याच्याभोवती वारा खेळता असतो. माणूस मात्र त्या पेटीत राहत नाही, घरात राहतो. घराच्या आत किती तापमान असेल हे छत आणि भिंती ठरवतात, आणि त्याची नोंद कुणीच करत नाही. आरोग्याच्या दृष्टीने खरा प्रश्न त्या न नोंदलेल्या तापमानाचा आहे.

आपल्या त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. भोवतालची हवा त्याहून थंड असेल तर अंगातली उष्णता सहज बाहेर जाते. हवा त्याहून गरम झाली की घाम हाच एक मार्ग उरतो, आणि पंखाही गरम हवाच अंगावर फेकतो. त्यात डोक्यावर उन्हाने तापलेले टिन असेल, तर हवेच्या उष्णतेबरोबर त्या पत्र्यातून निघणारी धगही अंगावर येते. दिवसभर ताणलेल्या हृदयाला आणि मूत्रपिंडांना रात्री विसावा हवा असतो. रात्रही तापलेलीच राहिली तर तो मिळत नाही. म्हातारी माणसे, तान्ही मुले, गरोदर बाया, हृदयाचे आणि किडनीचे रुग्ण यांना घरात बसूनही उष्माघात होऊ शकतो. गडचिरोलीत सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत, आणि शरीरातले पाणी कमी झाले की त्यांच्या वेदना उसळतात. म्हणून घर कशाचे बांधले हा केवळ इंजिनिअरचा विषय राहत नाही.

कुडाचे घर काय करत होते

झाडीपट्टीतले जुने घर आठवून पाहा. लाकडी खांब, त्यांच्यामध्ये बांबूच्या कमच्यांचा विणलेला कुड, त्यावर दोन्ही बाजूंनी माती, शेण आणि बारीक तणीस कालवून केलेले लिंपण. वर वासे, त्यावर बांबूचे तट्टे आणि सर्वांत वर कवेलू. धान साठवायच्या ढोलीचे तंत्रही हेच असते: आत बांबूची वीण, बाहेर लिंपण.

या घराचा गुण भिंतीपेक्षा छतात जास्त होता. चंद्रपूर साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य इथे नेमका डोक्यावर येतो आणि सावली नाहीशी होते. अशा वेळी भिंतींवर ऊन तिरपे आणि थोडेच पडते, सगळा मारा छत सोसते. कवेलूंच्या दोन थरांमध्ये हवा असते, फटींतून गरम हवा वर निघून जाते आणि खालचा तट्टा उरलेली धग अडवतो. टिनाचा पत्रा यातले काहीच करत नाही. तो काही मिनिटांत तापतो आणि ती उष्णता तशीच खाली देतो. उघड्या सिमेंटच्या स्लॅबची तऱ्हा वेगळी. तो दिवसभर उष्णता पितो आणि संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत ती खोलीत सोडत राहतो.

मग लोकांनी कवेलू का उतरवले? कारणे खरी आहेत. माकडे कवेलू फोडतात. दर पावसाळ्याआधी छप्पर फेरावे लागते. कवेलू घडवणारे आणि फेरणारे हात कमी झाले. भिंतींना वाळवी लागते. वर्षातून एक-दोनदा सगळे घर लिंपण्याचे काम बाईच्याच वाट्याला येते, आणि ज्या बाईला रोवणी, कापणी, मोहफूल, तेंदूपत्ता यातून उसंत नाही, तिला पक्की भिंत हवीशी वाटली तर त्यात नवल नाही. जुने ते सगळे चांगले, असे म्हणून हा प्रश्न सुटणार नाही. जुन्या घराचा थंडावा ठेवून त्याचे दोष कसे घालवता येतील, हे पाहावे लागेल.

नेब्रास्कातल्या गठ्ठ्यांच्या भिंती

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात वाळूच्या टेकड्यांचा एक मुलूख आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे वस्तीला आलेल्या शेतकऱ्यांना लाकूड मिळेना, आणि वाळूमुळे मातीची भिंतही नीट उभी राहीना. गवत आणि काड दाबून गठ्ठे बांधणारी यंत्रे तेव्हा नुकतीच आली होती. त्यांनी ते गठ्ठे विटांसारखे एकावर एक रचले, दोन्ही बाजूंनी लिंपले आणि त्यात राहू लागले. आर्थर नावाच्या तिथल्या गावात १९२८ साली असेच एक चर्च बांधले गेले. पुढे २००५ च्या भूकंपानंतर पाकिस्तानातही अशी स्वस्त घरे बांधली गेली. त्या पद्धतीच्या घराची अमेरिकेतल्या नेवाडा विद्यापीठात २००९ मध्ये हलत्या मंचावर चाचणी झाली आणि भूकंपाचे मोठे धक्के त्याने सोसले.

या भिंतीचे मर्म काडात अडकलेल्या हवेत आहे. सारख्याच जाडीच्या विटेच्या भिंतीतून जेवढी उष्णता आत येते, तिच्या साधारण दहावा हिस्सा काडाच्या गठ्ठ्यातून येते. त्यात गठ्ठ्याची भिंत दीड फूट जाड असते. आतल्या बाजूचे मातीचे लिंपण तापमान स्थिर ठेवते आणि हवेतला दमटपणा शोषून पुन्हा सोडते.

आग लागणार नाही का, ही शंका रास्त आहे. मोकळे तणीस काडीसरशी पेटते. पण घट्ट दाबलेल्या आणि दोन्ही बाजूंनी लिंपलेल्या गठ्ठ्यात आगीला हवाच मिळत नाही. अमेरिकेत २००६ मध्ये झालेल्या प्रमाणित चाचण्यांत मातीने लिंपलेल्या भिंतीने आगीला एक तास, तर सिमेंट-चुन्याच्या गिलाव्याच्या भिंतीने दोन तास अडवले. उघड्या बांबूचे तसे नाही. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे उभ्या राहत असलेल्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या इमारतीला फेब्रुवारी २०२१ मध्ये मोठी आग लागली होती. बांबू किंवा तणीस वापरावे, पण लिंपणाखाली झाकून. वीजतारा पाइपातून न्याव्यात आणि चूल भिंतीपासून दूर असावी.

आपल्याकडे जमेल का

गडचिरोली आणि पूर्व चंद्रपूर हा धानाचा प्रदेश. मळणीनंतर तणसीचे ढीग उभे राहतात. धानाच्या तणसीत सिलिका भरपूर असते, त्यामुळे ती इतर काडापेक्षा उशिरा कुजते. त्याच कारणाने गुरांना ती फारशी पौष्टिक नसते. तरी अनेक घरी उन्हाळ्यात तोच चारा असतो, म्हणून गुरांच्या वाट्याचे काढून भिंत बांधणे शहाणपणाचे नाही. जिथे हार्वेस्टरने कापणी होते आणि तणीस शेतात पडून राहते किंवा जाळली जाते, तिथली तणीस यासाठी घ्यावी.

सर्वांत मोठा शत्रू पाणी. नेब्रास्काच्या त्या भागात वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्याकडे त्याच्या दुपटीहून अधिक आणि तोही मुख्यतः चार महिन्यांत. गठ्ठ्यात ओलावा २० टक्क्यांहून वर राहिला की बुरशी धरते, भिंत आतून कुजते आणि बुरशीचे कण दम्याच्या रुग्णाला त्रास देतात. म्हणून जोते दगडाचे आणि किमान दीड-दोन फूट उंच हवे, छपराची वळचण अडीच-तीन फूट बाहेर हवी, आणि बांधकाम दिवाळीनंतर सुरू होऊन पावसाआधी संपायला हवे. बाहेरून सिमेंटचा गिलावा करण्याचा मोह टाळावा. त्यातून आत शिरलेला ओलावा बाहेर पडत नाही. माती किंवा चुन्याचे लिंपण ओलावा बाहेर सोडते, आणि बाहेरच्या बाजूला चुना वापरला तर दरवर्षी लिंपण्याचे कष्टही बरेच कमी होतात. भामरागडसारख्या पूर येणाऱ्या भागात मात्र गठ्ठ्यांची भिंत नकोच.

गठ्ठे बांधायचे यंत्र नसेल तरी अडत नाही. तणीस चिखलाच्या पातळ काल्यात बुडवून, बांबूच्या सांगाड्याला लावलेल्या दोन फळ्यांमध्ये सहा-आठ इंच जाड ठासली तरी चांगली भिंत होते. जर्मनीत ही रीत जुनी आहे. आपल्या कुडाचेच हे जाड रूप म्हणता येईल. इथला मानवेल बांबू भरीव आणि बळकट असल्याने सांगाड्याला चांगला. अंधाऱ्या पाखात तोडलेल्या बांबूला घुण लागत नाही, असे जुने लोक सांगतात. विज्ञान एवढे नक्की सांगते की घुण बांबूतल्या पिठूळ अंशावर जगतो. हिवाळ्यात तोडलेल्या, तीन वर्षांवरच्या बांबूत तो कमी असतो, आणि बांबू काही आठवडे पाण्यात बुडवून ठेवला की आणखी कमी होतो. बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडच्या द्रावणात भिजवले तर टिकाऊपणा कितीतरी वाढतो.

डास, मण्यार आणि लिंपण

गडचिरोली हा राज्यात मलेरियाचा सर्वाधिक भार असलेला जिल्हा. चावून झाल्यावर मलेरियाचे डास भिंतीवर विसावतात, म्हणून घराच्या आत भिंतींवर कीटकनाशकाची फवारणी होते. फवारणीनंतर आठ दिवसांत भिंत लिंपली तर औषध मातीखाली गाडले जाते आणि सगळी मेहनत वाया जाते. लिंपण फवारणीच्या आधी उरकावे, आणि नंतर सुमारे तीन महिने भिंतीला हात लावू नये. छप्पर आणि भिंत यांच्यामधली मोकळी फट वारा देते, पण डासांनाही वाट देते. तिथे बारीक जाळी बसवावी.

दुसरी भीती सापाची. भिंतीत भेगा असतील तर उंदीर येतात आणि उंदरामागे साप. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेतच चावते. भिंतीच्या तळाला पक्के जोते, भेगा वेळच्या वेळी बुजवणे, आणि बाजेवर मच्छरदाणी खोचून झोपणे हा डास आणि साप दोघांवरचा उपाय आहे. घर मातीचे असो की सिमेंटचे, हे सगळ्यांना लागू आहे.

माल आहे, हक्कही आहे

अशा घराला लागणारी माती, तणीस, दगड, बांबू हे सारे जवळच मिळते. प्रश्न बऱ्याचदा बांबू कुणाचा हा असे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. त्यानंतर जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा बांबू विकू लागल्या. तोच बांबू गावातल्या नव्या घरांत दिसतो का, हेही ग्रामसभांनी पाहायला हरकत नाही.

मातीचे घर म्हणजे कच्चे घर, आणि कच्च्याला घरकुल मिळणार नाही, अशी समजूत आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागासाठीच्या आराखड्यात पक्क्या घराची कसोटी अशी आहे की, साध्या देखभालीवर ते ऊन-पाऊस सोसत किमान ३० वर्षे टिकावे. स्थानिक साहित्याचा आणि तंत्राचा विचार करावा असेही त्यात म्हटले आहे, आणि केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने वेगवेगळ्या प्रदेशांसाठी घरांचे नमुने 'पहल' नावाने प्रसिद्ध केले आहेत. अडचण आहे ती गावात येणाऱ्या अभियंत्याच्या आणि गवंड्याच्या सवयीची. माती टिकते याचा पुरावा शेजारच्या वर्धा जिल्ह्यात आहे. सेवाग्राम आश्रमातल्या १९३६ पासूनच्या माती-बांबू-कवेलूच्या कुट्या आजही उभ्या आहेत. त्यांची देखभाल होते, हे मात्र विसरू नये.

चंद्रपूरला सिमेंट परके नाही. गडचांदूर, घुग्घुस परिसरात त्याचे मोठे कारखाने आहेत. जोते, न्हाणीघर, संडास यांना सिमेंट जरूर वापरावे. झोपायच्या खोलीच्या भिंती आणि छत मात्र उन्हाकडे बघून ठरवावे.

आणि ज्यांचे टिनाचे घर बांधून झाले आहे, त्यांच्यासाठी? पत्र्याखाली वीतभर जागा सोडून बांबूच्या तट्ट्याचे दुसरे छत बांधावे, त्यावर मातीत कालवलेल्या तणसीचा दोन-तीन इंचांचा थर द्यावा आणि तो भार पेलतील असे वासे घालावेत. वरची गरम हवा निघून जायला दोन्ही टोकांना जाळीची वाट ठेवावी. पत्र्याला वरून दर उन्हाळ्यात चुना मारावा. पत्र्यावर कोरडी तणीस पसरू नये, एका ठिणगीने ती पेटेल. अंगणात मांडव घालण्याची आपली रीत सोडू नये. तट्टे विणणारे बुरड अजून गावोगावी आहेत. होळीच्या आत त्यांना काम सांगितले तर मे महिन्यातल्या झोपेत फरक पडलेला घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आधी जाणवेल.