वर्दीची तक्रार आणि मतपेटीची तक्रार

बंदूक आणि कायदा : भाग ६

गेल्या भागात आपण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा २३ जून २०२२चा ब्रूएन निकाल पाहिला. घराबाहेर पिस्तूल बाळगायचं तर ‘मला इतरांपेक्षा वेगळी गरज आहे’ हे आधी पटवून द्या, ही न्यू यॉर्क राज्याची शंभरेक वर्षांची जुनी अट न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी रद्द केली. त्यानंतर आठच दिवसांनी, १ जुलैला, विधिमंडळाने खास अधिवेशनात नवा कायदा संमत केला. गव्हर्नर कॅथी होकुल यांनी त्याच दिवशी सही केली आणि १ सप्टेंबरपासून तो लागू झाला. बंदूकधारकांच्या संघटना त्याच्याविरुद्ध कोर्टात जाणार हे उघडच होतं. पण जाहीर नापसंती व्यक्त करणाऱ्यांत राज्याच्या शेरिफांची संघटनाही होती. ज्यांनी कायदा राबवायचा, तेच त्याच्या विरोधात का गेले?

‘शेरिफ’ म्हटलं की आपल्याला मुंबईचे नगरपाल आठवतात. ते मानाचं पद, हातात अधिकार नाहीत. न्यू यॉर्कमधला शेरिफ तसा नाही. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. तिथली गस्त, तुरुंग आणि कोर्टाचे हुकूम बजावणं ही शेरिफची कामं, आणि बहुतेक काउंट्यांत लोक त्याला मतदान करून निवडतात. बंदुकीचा परवाना न्यू यॉर्क शहराबाहेर बहुतेक ठिकाणी काउंटीचा न्यायाधीश देतो, पण अर्जदाराची चौकशी अनेकदा शेरिफच्या कचेरीतून होते. आपल्याकडे परवान्याच्या अर्जावर पोलिसांचा अहवाल लागतो, तसंच हे.

आता नव्या कायद्याने काय मागितलं ते पाहा. १६ तासांचं वर्गातलं प्रशिक्षण आणि २ तास प्रत्यक्ष नेमबाजी. चार ओळखीच्या माणसांची चारित्र्याबद्दल ग्वाही. घरातल्या सज्ञान माणसांची माहिती. मागच्या तीन वर्षांतली समाजमाध्यमांवरची सगळी खाती. अधिकाऱ्यासमोर मुलाखत. शिवाय ‘संवेदनशील जागां’ची लांबलचक यादी: शाळा, इस्पितळं, वाचनालयं, बागा, प्रार्थनास्थळं, बार, नाट्यगृहं, भुयारी रेल्वे, टाइम्स स्क्वेअर. तिथे परवाना असला तरी पिस्तूल न्यायचं नाही. आणि सर्वांत मोठा बदल खासगी जागांबाबत होता. मालकाने ‘इथे बंदूक चालेल’ अशी पाटी लावली नसेल किंवा स्पष्ट परवानगी दिली नसेल, तर बंदी गृहीत धरायची.

या शेवटच्या कलमाचा अर्थ रस्त्यावर काय होतो? राज्याच्या उत्तरेकडच्या एखाद्या गावातला शेतकरी डोळ्यांसमोर आणा. परवाना जुना, पिस्तूल कमरेला, वरून जाकीट. पेट्रोल भरायला थांबला आणि पैसे द्यायला दुकानात शिरला. दारावर पाटी नाही. एवढ्यावर तो तुरुंगवास होऊ शकेल अशा गंभीर गुन्ह्यात अडकतो. दुकानात कॉफी घेत उभ्या असलेल्या शेरिफच्या शिपायाला मात्र काहीच दिसत नाही, कारण पिस्तूल जाकिटाखाली आहे. हा गुन्हा पकडायचा तर शिपायाने कोणाकोणाला चाचपायचं?

शेरिफांची तक्रार इथून सुरू होते. संघटनेचं म्हणणं होतं की मसुदा सकाळी बाहेर आला आणि दुपारी त्यावर सही झाली. अंमलबजावणी करणाऱ्यांना कोणी विचारलंच नाही. चौकशीचं काम वाढलं, माणसं तेवढीच. ‘बाग’ म्हणजे नेमकं काय, तेही धड सांगितलेलं नाही. न्यू यॉर्कमधलं ॲडिरॉन्डॅक पार्क सुमारे ६० लाख एकरांचं आहे आणि त्यात गावं, घरं, खासगी जमिनी सगळं येतं. तिथे राहणाऱ्याने अंगणात पिस्तूल ठेवलं तर तो गुन्हेगार का? ऐतिहासिक लढायांचे देखावे उभे करणाऱ्या हौशी मंडळींनी तर त्या सप्टेंबरमध्ये जुन्या बंदुका बाळगणंही गुन्हा ठरेल या भीतीने काही कार्यक्रम रद्द केले.

या तक्रारींत अनुभव बोलतो. पण काही शेरिफ आणखी पुढे गेले. फुल्टन काउंटीचे रिचर्ड जिआर्डिनो यांच्यासारख्यांनी, जे स्वतः आधी सरकारी वकील आणि न्यायाधीश होते, उघड सांगितलं की आपण या कलमांखाली माणसं शोधत फिरणार नाही. त्यांचा युक्तिवाद असा, की परवाना घेणारा माणूस कायदा पाळणाराच असतो आणि गुन्हेगार परवाना मागायला येत नाही.

हा युक्तिवाद अर्धाच खरा आहे. १४ मे २०२२ला बफेलोच्या टॉप्स सुपरमार्केटमध्ये एका वर्णद्वेष्ट्या तरुणाने दहा कृष्णवर्णीय माणसांना ठार केलं. त्याची रायफल दुकानातून रीतसर विकत घेतलेली होती. त्याला अडवायला पुढे झालेले, निवृत्त पोलीस असलेले सुरक्षारक्षक ॲरन सॉल्टर यांच्याकडेही बंदूक होती. त्यांनी गोळी झाडली, पण हल्लेखोराच्या अंगावर चिलखत होतं. सॉल्टर गेले. ‘कायदा पाळणारे’ आणि ‘गुन्हेगार’ यांच्यातली रेघ कधीकधी पहिली गोळी सुटेपर्यंत दिसत नाही.

आणि ‘पोलीस विरोधात आहेत’ हे वाक्यही अपुरं आहे. न्यू यॉर्क शहराचे त्या वेळचे महापौर एरिक ॲडम्स स्वतः माजी पोलीस अधिकारी. ते आणि पोलीस आयुक्त कीशांट स्यूएल ब्रूएन निकालानेच अस्वस्थ होते. शहराने टाइम्स स्क्वेअरभोवती बंदूकबंदीच्या पाट्या लावल्या. टेक्सासमध्ये २०२१ साली परवान्याशिवाय पिस्तूल बाळगण्याची मुभा देणारा कायदा होत असताना डॅलसचे पोलीसप्रमुख एडी गार्सिया यांनी त्याला विरोध केला. गर्दीच्या शहरात गस्त घालणारा पोलीस कमरेच्या प्रत्येक पिस्तुलाकडे धोका म्हणून पाहतो. मैलभर अंतरावर एक घर असलेल्या काउंटीतल्या शेरिफला तेच पिस्तूल मदत पोहोचेपर्यंतचा आधार वाटतं. त्यात हा शेरिफ निवडून आलेला, आणि त्याचे मतदारही बंदूक बाळगणारे.

म्हणून शेरिफांच्या विरोधाची दोन टोपल्यांत वाटणी करायला हवी: एकीत वर्दीची, म्हणजे कामातल्या अडचणींची तक्रार, दुसरीत मतपेटीची. पुढे झालंही तसंच. मे २०२३मध्ये विधिमंडळाने दुरुस्त्या केल्या: ॲडिरॉन्डॅकमधल्या खासगी जमिनी आणि राखीव जंगल ‘बाग’ या व्याख्येतून वगळलं, ऐतिहासिक देखाव्यांना मोकळीक दिली. डिसेंबर २०२३मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने समाजमाध्यमांच्या खात्यांची अट आणि लोकांसाठी खुल्या असलेल्या खासगी जागांवरची सरसकट बंदी अडवली. म्हणजे पेट्रोल पंपावरचा तो शेतकरी सुटला. चारित्र्याची अट आणि बहुतेक संवेदनशील जागा मात्र टिकल्या. ऑक्टोबर २०२४मध्ये त्याच न्यायालयाने हा निर्णय पुन्हा कायम केला आणि एप्रिल २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालायला नकार दिला.

जिथे शेरिफ आपल्या कामातलं बोलत होते, तिथे कायदा बदलला. त्यांना आधीच विचारलं असतं तर वर्षभराचा गोंधळ टळला असता, आणि ही चूक सरकारची आहे. पण कोणता कायदा राबवायचा आणि कोणता नाही, हे ठरवण्याचा हक्क वर्दीबरोबर मिळत नाही. कायदा चुकीचा वाटला तर विधिमंडळात साक्ष द्यावी, कोर्टात जावं. गस्तीवर असताना त्याच्याकडे पाठ फिरवली, तर पुढच्या काउंटीतला शेरिफ दुसऱ्या कायद्याकडे पाठ फिरवेल, आणि तो कदाचित तुमच्या रक्षणासाठी केलेला असेल.

(पुढील भागात : रहीमी निकाल, २०२४. घरगुती हिंसाचाराचा मनाई हुकूम आणि बंदूक)